बाळाचे वजन का वाढत नाही? कुपोषणामागची घरातली आणि समाजातली कारणे

‘डॉक्टर, ही काही खातच नाही. भूक लागायचे एखादे औषध लिहून द्या.’ बालरोगतज्ज्ञाच्या ओपीडीत हे वाक्य दिवसातून निदान दोन-चार वेळा ऐकू येते. मागच्या पावसाळ्यात एक आजी नातीला घेऊन आल्या, तेव्हाही सुरुवात याच वाक्याने झाली. मुलगी 14 महिन्यांची, वजन 6 किलो 800 ग्रॅम. या वयात साधारण 9 किलोच्या पुढे वजन अपेक्षित असते. मुलीची आई मागे उभी होती आणि माझ्या प्रश्नांची उत्तरे आजीच देत होत्या. आईचे वय विचारल्यावर ‘असेल की एकोणीस’ असे उत्तर आले. लग्न कधी झाले हे मी विचारले नाही, हिशेब सोपा होता. आई चार महिन्यांची गरोदर होती. तिला काट्यावर उभे केले, तर तिचे वजन 39 किलो भरले.

मी त्या दिवशी भुकेचे औषध लिहिले नाही, आणि आजींना ते फारसे आवडले नाही. मुलीचे पोट तपासले, रक्त तपासले, खाण्यापिण्याची चौकशी केली. पण तिचे वजन कमी का, याचे बरेचसे उत्तर तिच्या मागे उभ्या असलेल्या आईकडे होते. या लेखात त्याच उत्तराबद्दल सांगायचे आहे. आईचे लग्न कोणत्या वयात झाले, दोन बाळंतपणांत किती अंतर राहिले, तिला घरात किती आणि कधी खायला मिळते, तिला काय काम करावे लागते, या गोष्टी बाळाच्या वजनात उतरतात. बाळ पहिला घास खाण्याआधीच उतरतात.

कुपोषण ओळखायचे कसे?

कुपोषण म्हटले की डोळ्यांसमोर फासळ्या दिसणारे, पोट पुढे आलेले मूल येते. असे मूल ओळखायला डॉक्टर लागत नाही. पण आपल्याकडची बहुतेक कुपोषित मुले तशी दिसत नाहीत. ती खेळतात, हसतात, फक्त वयाच्या मानाने लहान दिसतात. शेजारचे मूलही तेवढेच असेल, तर कोणाला काही खटकतही नाही.

डॉक्टर आणि अंगणवाडी सेविका तीन गोष्टी पाहतात. वयाच्या मानाने उंची कमी असेल तर त्याला खुंटलेली वाढ म्हणतात. हे एकदोन महिन्यांत होत नाही, त्यामागे महिनोन्‌महिन्यांची आबाळ असते आणि तिची सुरुवात अनेकदा गर्भातच झालेली असते. उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर मूल रोड किंवा लुकडे झाले असे म्हणतात. हे अलीकडच्या काळातले असू शकते, उदाहरणार्थ लागोपाठ जुलाब किंवा गोवर होऊन गेल्यावर. जिवाला तातडीचा धोका यात जास्त असतो. ‘सॅम’ म्हणजे तीव्र आणि ‘मॅम’ म्हणजे मध्यम कुपोषित हे अंगणवाडीतले शब्द प्रामुख्याने या प्रकाराबद्दल आहेत. तिसरे माप म्हणजे वयाच्या मानाने कमी वजन. त्यात पहिले दोन्ही प्रकार मिसळलेले असतात.

‘आमच्या घराण्यात सगळेच बुटके’ हे उत्तरही आम्हाला रोज मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये वाढीचे जे तक्ते काढले, ते सहा देशांतल्या मुलांची मापे घेऊन बनवलेले आहेत. त्यात नॉर्वे आणि अमेरिका आहे, तसेच घाना, ओमान, ब्राझील आणि आपली दिल्लीही आहे. आई नीट खाणारी, बाळ अंगावर पिणारे, घर स्वच्छ, अशी कुटुंबे निवडली तर पहिल्या पाच वर्षांत सगळीकडची मुले जवळपास सारखीच वाढतात, असे त्यात दिसले. आई बुटकी असेल तर बाळ थोडे लहान असते, हे खरे आहे. पण ती आई स्वतः लहानपणी अर्धपोटी वाढली होती का, हेही विचारायला हवे.

फक्त गरिबी हे उत्तर पुरत नाही

2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी 35.5 टक्के मुलांची वाढ खुंटलेली होती आणि 19.3 टक्के मुले रोड होती. महाराष्ट्रात हे आकडे 35.2 आणि 25.6 टक्के होते. म्हणजे उत्पन्नात देशात वरच्या क्रमांकावर असणाऱ्या आपल्या राज्यात दर चार मुलांमागे एक मूल उंचीच्या मानाने बारीक. मोठ्या राज्यांत हे प्रमाण सर्वांत जास्त आपल्याकडेच निघाले. त्याआधीच्या 2015-16 च्या सर्वेक्षणातही महाराष्ट्राचा रोड मुलांचा आकडा 25.6 टक्केच होता. चार वर्षांत तो जागचा हलला नाही.

गरिबीचा संबंध नाही असे कोणी म्हणणार नाही. याच सर्वेक्षणात देशातल्या सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातल्या घरांत 46 टक्के मुलांची वाढ खुंटलेली होती, तर सर्वांत सधन पाचव्या हिश्श्यात 23 टक्के. फरक दुपटीचा आहे. पण मला त्यातला दुसरा आकडा जास्त अस्वस्थ करतो. सर्वांत सधन घरांतही जवळपास दर चौथे मूल खुंटलेले, आणि या घरांत धान्य कमी नाही. मग कमी काय आहे?

आईचे वय, आईचे वजन

महाराष्ट्रात 20 ते 24 वयोगटातल्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न 18 वर्षांच्या आत झाले होते, असे पाचव्या सर्वेक्षणात दिसले. आधीच्या सर्वेक्षणापेक्षा हे प्रमाण कमी झाले आहे, पण ते सगळीकडे सारखे नाही. बीड, परभणीसारख्या जिल्ह्यांत ते 40 टक्क्यांच्या वर होते. लग्न झाले की वर्षा-दोन वर्षांत ‘गोड बातमी’ची वाट पाहिली जाते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचे शरीर स्वतःच वाढत असते. त्यात गर्भ राहिला तर मिळेल ते अन्न दोघांत वाटले जाते. देशपातळीच्या सर्वेक्षणातली हजारो आई-मुलांची माहिती तपासून 2019 मध्ये लॅन्सेट समूहाच्या बालआरोग्यविषयक नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. किशोरवयात आई झालेल्या मुलींच्या बाळांमध्ये वाढ खुंटण्याचे प्रमाण प्रौढ वयात आई झालेल्यांच्या बाळांपेक्षा सुमारे 10 टक्क्यांनी जास्त होते. कारण एकटे वय नव्हते. लवकर लग्न झालेल्या मुलीचे शिक्षण अर्धवट सुटते, ती गरीब घरात जाते, तिचे वजन कमी असते. या सगळ्याचे ओझे एकत्र येते.

वजनाबद्दल एक तुलना सांगतो. डायन कॉफी या संशोधिकेने 2005-06 च्या आसपासची आकडेवारी घेऊन भारत आणि सहाराच्या दक्षिणेकडचे आफ्रिकी देश यांची तुलना केली. गरोदरपण सुरू होताना भारतातल्या सुमारे 42 टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी होते. आफ्रिकेतल्या त्या देशांत हे प्रमाण 16.5 टक्के होते. आपल्यापेक्षा गरीब असलेल्या देशांतल्या बायका गरोदरपणाला सामोऱ्या जाताना आपल्या बायकांपेक्षा सुदृढ होत्या. त्यानंतर आपल्याकडे परिस्थिती सुधारली आहे, पण वयाने लहान आणि नव्याने लग्न झालेल्या मुलींमध्ये कमी वजन अजूनही सर्रास दिसते.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये सुरू केलेला अभ्यास जगभर ओळखला जातो. तिथल्या गरोदर बायका सडपातळ होत्या, शेतात राबणाऱ्या होत्या. ज्या बायकांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त होते, त्यांची बाळे जन्मतः मोठी होती. पोट भरणे आणि पोषण मिळणे यांतला फरक यात दिसतो. गरोदरपणात ज्या बायकांना जास्त कष्टाची कामे करावी लागली, त्यांची बाळे लहान निघाली. पाणी भरणे, शेतातली मजुरी, घरकाम या सगळ्याची मोजदाद त्या अभ्यासात केली होती. याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. आपली नवजात बाळे वजनाने कमी असली, तरी त्यांच्या अंगावर स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून असते. अशा बाळांना पुढे मधुमेहाचा धोका जास्त असू शकतो. बाळाला बाळसे धरवण्याच्या नादात गोड आणि तळकट भरवणाऱ्या आजी-आजोबांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

आपल्याकडे एक समजूत अजून आहे. गरोदरपणात बाईने बेताने खावे, नाहीतर बाळ मोठे होते आणि बाळंतपण अवघड जाते. बाळंतपण अडते त्याची कारणे वेगळी आहेत. 45 किलोच्या आतल्या सुनेला ‘बेताने खा’ म्हणणे म्हणजे बाळाला गर्भातच उपाशी ठेवणे.

पाळणा थांबतो, पण लांबत नाही

‘मुले फार होतात म्हणून कुपोषण होते’ हे स्पष्टीकरण शहरी लोकांना फार आवडते. महाराष्ट्राला ते लागू पडत नाही. आपल्या राज्यात एका स्त्रीला सरासरी 1.7 मुले होतात, म्हणजे दोनापेक्षाही कमी. मुलांच्या संख्येपेक्षा ती किती लवकर आणि किती लागोपाठ होतात, हा खरा प्रश्न आहे.

पाचव्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदी नावापुरती आणि तांबी किंवा गोळ्या वापरणाऱ्या स्त्रिया अगदी थोड्या. नेहमीचा क्रम असा असतो: सतराव्या-अठराव्या वर्षी लग्न, विशी-बाविशीपर्यंत दोन मुले, मग ऑपरेशन. पाळणा थांबवण्याची सोय गावोगाव पोचली, पण लांबवण्याची सोय घरात बोललीच जात नाही. पहिले मूल वर्षाचे असताना आई पुन्हा गरोदर राहते. आधीच्या बाळंतपणात गेलेले लोह आणि वजन भरून निघायला तिला वेळच मिळत नाही.

याची झळ दोघांनाही लागते. पोटातले बाळ कमी वजनाचे होते आणि अंगावर पिणारे बाळ एकाएकी तुटते. ‘पोटुशी बाईचे दूध बाधते’ म्हणून पाजणे बंद केले जाते. हे चूक आहे. गरोदरपण सुरळीत असेल तर पाजायला हरकत नसते, फक्त आईने जास्त खायला हवे. तीव्र कुपोषणाच्या एका प्रकाराला वैद्यकात ‘क्वाशिओरकोर’ म्हणतात. हा शब्द घानातल्या गा भाषेतला आहे. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी 1930 च्या दशकात तो वैद्यकात आणला. धाकटे भावंड आले की आईच्या अंगावरून उतरवलेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. कारण तिथल्या बायकांना ठाऊक होते, म्हणून नावातच आले.

पुढचा मुद्दा नाजूक आहे, तरी सांगतो. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी 2017 मध्ये भारतीय आणि आफ्रिकी मुलांच्या उंचीची तुलना प्रसिद्ध केली. आपली पहिली मुले उंचीत मागे नाहीत. मागे पडतात ती दुसरी आणि त्यापुढची, आणि क्रमांक वाढत जाईल तसे जास्त. त्यांनी याचा संबंध थोरल्या मुलाच्या ओढीशी जोडला. पहिली मुलगी झाली की पुढच्या बाळंतपणाची घाई होते, आणि आधीच्या मुलीकडचा खर्च आणि लक्ष दोन्ही आखडते. आमच्या ओपीडीत हे आकड्यांशिवायही दिसते. तापाच्या दुसऱ्या दिवशी मुलगा येतो, सहाव्या दिवशी मुलगी येते.

कोयत्याच्या हिशेबातली आई

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम उचल देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला. या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात. एकट्या माणसाला उचल कमी मिळते किंवा मिळतच नाही. म्हणून मुलगा कामाचा झाला की त्याचे लग्न उरकले जाते, आणि आईबापांना हंगामाला जायचे असते म्हणून घरी राहणाऱ्या वयात आलेल्या मुलीचेही. बालविवाहाला ‘अडाणीपणा’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हा हिशेब एकदा समजून घ्यावा.

कोपीत राहणाऱ्या आईचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. स्वयंपाक करायचा, फडात जायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. गरोदर बाई हेच करते, ओली बाळंतीणही थोड्याच दिवसांत हेच करते. खाडा केला तर पैसे कापले जातात. बाळ फडाच्या कडेला झोळीत असते किंवा आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. अंगावर पाजायला दर दोन तासांनी येणे शक्य नसते. मग बाळाच्या हातात चहात बुडवलेले बिस्किट किंवा पाच रुपयांचा खारा पुडा येतो. त्याने भूक मरते, वाढ होत नाही. हे आईला कळत नाही असे नाही. तिच्याकडे वेळ नसतो.

शहरातल्या बांधकामांवर, वीटभट्ट्यांवर, मेळघाटातून आणि नंदुरबारमधून बाहेर पडणाऱ्या आदिवासी कुटुंबांतही थोड्याफार फरकाने हेच चित्र आहे.

घरी राहणाऱ्या सुनेची अडचण वेगळी. ती सर्वांत शेवटी जेवते. भाजी संपली तर चटणी-भाकरीवर भागवते. दूध नवऱ्याला आणि सासऱ्यांना, अंडे मुलाला. कोणी तिला उपाशी ठेवत नाही, पण तिच्या वाट्याला येते ते उरलेले. तिला दवाखान्यात जायचे तर विचारावे लागते, मुलाला अंडे आणायचे तर पैसे मागावे लागतात. 1996 मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी युनिसेफसाठी एक लेख लिहिला. दक्षिण आशियातली मुले आफ्रिकेतल्या मुलांपेक्षा जास्त कुपोषित का, हा त्याचा विषय होता. कमी वजनाची बाळे आणि त्यामागचे बायकांचे घरातले दुय्यम स्थान, असे त्यांचे उत्तर होते. तीस वर्षे होत आली, तरी मला ते उत्तर जुने वाटत नाही.

संडास आणि पाणी

वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाने खाल्लेले अंगी लागत नाही. उघड्यावर शौचाला जाण्याचे प्रमाण जास्त असलेल्या ठिकाणी मुलांची उंची कमी भरते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेमध्ये कुटुंबांना संडास, साबण, शुद्ध पाणी पुरवून मुलांची वाढ मोजली, तेव्हा उंचीत फरक पडला नाही. 2018-19 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी आम्हा डॉक्टरांनाही चकित केले. एका घराला संडास मिळाला, पण वस्तीतली घाण तशीच राहिली तर उपयोग कमी, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. तेव्हा संडास वापरा, हात धुवा, जुलाब टळतील. पण तेवढ्याने वजन वाढेल असे समजू नका.

योजना आहेत, मग अडते कुठे?

एकात्मिक बालविकास योजना म्हणजे आपली अंगणवाडी 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. महाराष्ट्राने आदिवासी भागात 2015 पासून अमृत आहार योजना राबवली. तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत रोज एक वेळचे ताजे जेवण मिळते. मला ही योजना घरी पाकिटे देण्यापेक्षा जास्त शहाणपणाची वाटते. घरी नेलेले पाकीट सगळ्या घरात वाटले जाते, चव आवडली नाही तर जनावरांपुढे जाते. अंगणवाडीत बसून जेवलेले जेवण मात्र आईच्याच पोटात जाते.

मेळघाटातले बालमृत्यू 1993 मध्ये बातम्यांत आले. तेव्हापासून दर पावसाळ्यात तीच बातमी येते, अधिकारी दौरे करतात, पथके जातात. पावसाळ्यातच का? घरातले धान्य संपत आलेले असते, पेरणीमुळे आईचे काम वाढलेले असते, जुलाब-न्यूमोनिया वाढलेले असतात आणि रस्ते बंद असतात. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालात दाखवून दिले की राज्यातले कितीतरी बालमृत्यू सरकारी नोंदीत येतच नाहीत. कुपोषणाच्या नोंदीचेही तसेच आहे. वजनाच्या दिवशी मूल आईबरोबर फडावर असेल, तर ते गावच्या यादीत नसते आणि जिथे गेले तिथल्या यादीतही नसते.

शेजाऱ्याने काय केले?

बांगलादेशात 2004 मध्ये पाच वर्षांखालची निम्मी मुले खुंटलेली होती. 2022 च्या तिथल्या सर्वेक्षणात हे प्रमाण 24 टक्क्यांवर आले. आपल्यापेक्षा हा वेग बराच जास्त आहे. तिथे 1990 च्या दशकापासून खेड्यातल्या मुलींना माध्यमिक शाळेत टिकण्यासाठी विद्यावेतन दिले गेले, घरोघर जाणाऱ्या स्त्री आरोग्यसेविकांनी पाळणा लांबवण्याची साधने दारात पोचवली, उघड्यावर शौच जवळपास बंद झाले, घरांचे उत्पन्न वाढले. बालविवाह मात्र तिथे अजून आपल्यापेक्षा जास्त आहेत, त्यामुळे सगळेच आदर्श आहे असे नाही.

मुलींच्या शिक्षणाचा मुद्दा जुना आहे. लिसा स्मिथ आणि लॉरेन्स हद्दाद यांनी 2000 साली विकसनशील देशांची पाहणी केली. 1970 ते 1995 या काळात बालकुपोषण जेवढे घटले, त्यातला सुमारे 43 टक्के वाटा स्त्रियांच्या शिक्षणाचा होता. अन्नधान्याची उपलब्धता वाढल्याचा वाटा सुमारे 26 टक्के. आपल्या पाचव्या सर्वेक्षणात शाळेत न गेलेल्या आयांची 46 टक्के मुले खुंटलेली होती, बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्या आयांची 26 टक्के. शिकलेली मुलगी उशिरा लग्न करते, दवाखान्यात प्रश्न विचारते, सासूला ‘डॉक्टर असे म्हणाले’ असे सांगू शकते.

तुमच्या घरात काय करता येईल?

घरात मुलगी शिकत असेल तर तिचे लग्न थांबवा. 18 हे कायद्याने किमान वय आहे, योग्य वय त्यापुढेच आहे. नवी सून आली असेल तर तिचे वजन आणि हिमोग्लोबिन गर्भ राहण्याआधी तपासून घ्या. पहिले बाळंतपण थोडे लांबले तर कोणाचे काही बिघडत नाही. बाळंतपणानंतर पुढच्या गरोदरपणाआधी निदान दोन वर्षांचे अंतर ठेवा. तांबी, गोळ्या, निरोध आणि ‘अंतरा’ हे इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. हे बोलणे सासूने आणि नवऱ्याने काढले तर सुनेला सोपे जाते.

गरोदर बाईला घरात सर्वांबरोबर किंवा आधी वाढा. एका वाढीव जेवणात भाकरी, डाळ, पालेभाजी आणि शक्य असेल तर दूध किंवा अंडे असावे. लोहाच्या गोळ्या निदान 180 दिवस. गरोदरपणात साधारण 10 ते 12 किलो वजन वाढायला हवे, सडपातळ बाईचे थोडे जास्त. शेवटच्या महिन्यांत पाण्याचे हंडे आणि जड ओझी दुसऱ्या कोणीतरी उचलावीत.

बाळाला सहा महिने फक्त आईचे दूध, मधही नको आणि पाणीही नको. सहा महिने पूर्ण झाले की वरचे अन्न. इथे सर्वांत मोठी चूक होते ती डाळीच्या पाण्याची. वरचे पाणी बाळाला देतात आणि खालची डाळ मोठी माणसे खातात. बाळाचे पोट वाटीएवढे असते, ते पाण्याने भरले तर दाणा जाणार कुठे? वरण-भात मऊ मोडून, चमच्यातून ओघळणार नाही इतका घट्ट, वर चमचाभर तेल किंवा तूप. नाचणी, केळे, शेंगदाण्याचे बारीक कूट, उकडलेले अंडे, हे सगळे वर्षाच्या आतही चालते. नवव्या महिन्यापासून दिवसातून तीन-चार वेळा आणि मधे एकदोनदा काहीतरी. जुलाब झाले तरी खाणे आणि पाजणे थांबवू नका. ओआरएस द्या आणि 14 दिवस झिंक.

हंगामाला जाणार असाल तर बाळाचे माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या आणि जिथे उतराल तिथल्या अंगणवाडीत नाव घाला. दुसऱ्या गावचे मूल म्हणून तुम्हाला परत पाठवता येत नाही.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर अंगणवाडीतल्या पट्टीने मोजून घ्या. साडेबारा सेंटिमीटरच्या खाली पिवळा पट्टा म्हणजे लक्ष द्यायची वेळ आली. साडेअकराच्या खाली लाल म्हणजे त्याच आठवड्यात दवाखाना. दोन्ही पावलांवर सूज असेल, मूल मलूल असेल, काहीच खात-पीत नसेल किंवा प्यायलेले सगळे उलटून टाकत असेल, तर त्याच दिवशी न्या. जिल्हा रुग्णालयांत आणि काही ग्रामीण रुग्णालयांत पोषण पुनर्वसन केंद्रे आहेत. तिथे उपचार मोफत असतात आणि आईच्या बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कमही मिळते. ती मागून घ्या.

सुरुवातीला सांगितलेल्या आजी पुढच्या महिन्यात पुन्हा आल्या. नातीचे वजन 300 ग्रॅमने वाढले होते. मी आईला काट्यावर उभे राहायला सांगितले, तर आजीच म्हणाल्या, ‘तिला आता मी आधी वाढते.’ 40 किलो 400 ग्रॅम.